बुंका कुन्शो : साकुरा बाजूला ठेवून निवडलेलं फूल

कंदीलपुष्प

जपानच्या सन्मानचिन्हांमध्ये सूर्य जागोजागी भेटतो. 'उगवत्या सूर्याच्या' सन्मानात मध्ये तांबडा गोल आणि त्यातून फुटलेले पांढरे किरण. सर्वांत वरच्या, शेवंतीच्या सन्मानातही मध्ये तांबडा सूर्य, भोवती ३२ किरण आणि चार बाजूंना चार पिवळी शेवंतीची फुलं. या झगमगाटात एक चिन्ह मात्र अगदी वेगळं आहे. पाच पांढऱ्या पाकळ्यांचं फूल, मधोमध मागातामा म्हणजे बाकदार मण्याच्या आकाराची तीन रत्नं, वर त्याच झाडाची पानं आणि फळं, आणि गळ्यात घालायला जांभळी फीत. यात सूर्य नाही, किरण नाहीत, शस्त्र तर नाहीच. हा बुंका कुन्शो, जपानचा संस्कृतीसाठीचा सर्वोच्च सन्मान. आजचा धागा त्याच्यासाठी.

हा सन्मान ११ फेब्रुवारी १९३७ रोजी सुरू झाला. कल्पना पंतप्रधान हिरोता कोकी यांची. पण फर्मान निघेपर्यंत त्यांचं मंत्रिमंडळ पडलं होतं आणि हायाशी सेंजुरो पंतप्रधान झाले होते. पहिलं वितरण २८ एप्रिलला झालं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ७ जुलैला, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर गोळीबार झाला आणि चीनशी पूर्ण युद्ध पेटलं. तारखा अशा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या फुलाची गोष्ट नीट कळत नाही.

कारण आधी फूल ठरत होतं ते साकुरा, म्हणजे चेरीचं फूल. तसं ठरणं साहजिकच होतं. असं सांगतात की मसुदा सम्राट हिरोहितोंसमोर गेला तेव्हा त्यांनी वेगळं मत दिलं. साकुरा हे झटकन गळून जाणारं फूल, ते योद्ध्याच्या मरणाशी जोडलं गेलं आहे. संस्कृती टिकणारी हवी, तेव्हा तिच्यासाठी सदाहरित ताचिबाना घ्यावं. मग शिल्पकार हाता शोकिची यांनी ताचिबानाचं चिन्ह घडवलं.

त्या काळातला साकुरा म्हणजे नुसती वसंतातली सहल नव्हे. सैनिकानं फुलासारखं गळून जावं, ही शिकवण शाळेपासून दिली जात होती. पुढे युद्धाच्या शेवटी ज्या रॉकेट-विमानात माणूस बसवून ते शत्रूच्या जहाजावर सोडत, त्याचं नावही साकुराचंच होतं : ओका. अशा वर्षांत एका राष्ट्रीय सन्मानावरून साकुरा काढून त्या जागी न गळणारं झाड आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता ताचिबानाविषयी. हे जपानचं मूळचं रानटी लिंबूवर्गीय झाड. संत्र्याच्या कुळातलं, पण फळ लहान आणि आंबट. याची जुनी कथा कोजिकी आणि निहोन शोकी या दोन्ही प्राचीन ग्रंथांत आहे. सम्राट सुइनिननी ताजिमामोरी नावाच्या माणसाला समुद्रापलीकडच्या अमर देशात पाठवलं, ऋतूची पर्वा न करता दरवळणारं फळ आणायला. निहोन शोकीच्या हिशेबानं तो दहा वर्षांनी फळं घेऊन परतला, तोवर सम्राट गेले होते. त्यानं फळं समाधीपुढे ठेवली, आक्रोश केला आणि तिथेच प्राण सोडला. ते फळ म्हणजे ताचिबाना, असं ग्रंथच सांगतो.

आणि इ.स. ७३६ मधला प्रसंग. राजपुत्र कात्सुरागीला 'ताचिबाना' हे कुलनाम दिलं गेलं, तेव्हाची एक कविता मानयोशू या संग्रहात आहे. तिचा आशय असा, की ताचिबानाचं फळ पाहा, फूल पाहा, पानही पाहा. फांदीवर दहिवर गोठलं तरी हे झाड अधिकच हिरवं होतं. आता चिन्हाकडे पुन्हा बघा : खाली फूल, वर पानं आणि फळं. जवळजवळ बारा शतकांपूर्वीची ती कविता सोन्यात आणि मिन्यात उतरवल्यासारखी वाटते मला.

पहिल्या वर्षी नऊ मानकरी होते. भौतिकशास्त्रज्ञ नागाओका हांतारो, धातुशास्त्रज्ञ होंदा कोतारो, खगोलशास्त्रज्ञ किमुरा हिसाशी, कवी-अभ्यासक सासाकी नोबुत्सुना, लेखक कोदा रोहान, आणि चार चित्रकार : योकोयामा ताइकान, ताकेउची सेइहो, फुजिशिमा ताकेजी, ओकादा साबुरोसुके. सासाकी मानयोशूचे मोठे अभ्यासक. त्यांनी लिहिलेल्या, जपानी मुलं आजही शाळेत गातात त्या उन्हाळ्याच्या गाण्यात वळचणीला दरवळणारं ताचिबाना आहे. पहिल्याच वर्षी त्यांच्या गळ्यात ते फूल पडावं, हा योग मला फार आवडतो.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. या सन्मानाला वर्ग नाहीत. उगवता सूर्य, पवित्र रत्न अशा सन्मानांना पहिला, दुसरा असे आठ आठ वर्ग होते. हा पहिल्यापासून एकच. कवी असो की धातू वितळवणारा, चिन्ह तेच.

ज्यांच्याकडे आणखी माहिती असेल त्यांनी भर घाला.

---

ठाणेकरीण

वाचनखूण साठवली. ताजिमामोरीची गोष्ट वाचून गलबललं.

एक शंका. रतन टाटांना जपानचा जो सन्मान मिळाला होता तो हाच का? आणि मनमोहन सिंगांना?

---

कंदीलपुष्प

नाही ताई, ते वेगळे. रतन टाटांना २०१२ मध्ये 'उगवत्या सूर्याच्या' सन्मानाचा सर्वांत वरचा वर्ग मिळाला, रुंद पट्ट्यासह. मनमोहन सिंगांना २०१४ मध्ये पाउलोनिया फुलांचा सन्मान मिळाला, तो त्याहूनही वरचा. दोन्ही चिन्हांत सूर्य आणि किरण आहेत, दोन्हींत वरच्या बाजूला पाउलोनियाची पानंफुलं आहेत. फरक फुलांच्या संख्येत : उगवत्या सूर्यात तीन तुऱ्यांवर ३-५-३, पाउलोनियात ५-७-५. फितीही एकमेकींच्या उलट. एकीत पांढऱ्यावर तांबडे काठ, दुसरीत तांबड्यावर पांढरे. २००३ पर्यंत पाउलोनिया हा उगवत्या सूर्याच्याच मालिकेतला वरचा टप्पा होता, त्या वर्षी तो स्वतंत्र झाला. वर्गांचे आकडेही त्याच वेळी गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात वेगळा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांना १९६६ मध्ये पवित्र रत्नाचा पहिला वर्ग दिला होता. तो तिसराच सन्मान, फिकट निळ्या फितीचा. बुंका कुन्शोची कल्पना मांडणारे हिरोता त्याच खटल्यात दोषी ठरले आणि १९४८ मध्ये फाशी गेले. फाशी झालेल्या सात जणांत लष्कराबाहेरचे तेवढे एकटेच.

---

भौतिकवेडा

धाग्याबद्दल मनापासून आभार. पहिल्या यादीतल्या तीन शास्त्रज्ञांवर थोडं लिहितो, कारण चित्रकारांविषयी इतर लिहितीलच.

नागाओकांनी १९०४ मध्ये अणूची एक प्रतिमा मांडली होती. मध्ये जड धनभारित गोळा आणि भोवती शनीच्या कड्यांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन. रदरफर्डच्या १९११ च्या निबंधात तिचा उल्लेख आहे. तपशिलात ती टिकली नाही, पण अणूच्या मध्यभागी काहीतरी जड आहे हे त्या काळात जपानमध्ये बसून कुणी म्हणत होतं, याचं मोल मोठं आहे. किमुरा मिझुसावाच्या वेधशाळेत अक्षांश मोजत बसत. पृथ्वीचा अक्ष किंचित डोलतो, त्यामुळे एकाच ठिकाणाचा अक्षांशही किंचित बदलतो. सुरुवातीला जर्मनीच्या मुख्य केंद्रानं मिझुसावाची मोजमापं सदोष ठरवली. किमुरांनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि १९०२ मध्ये दाखवून दिलं की दोष मोजमापात नाही, सूत्रातच एक पद कमी आहे. ते झेड पद पुढे जगानं मान्य केलं. होंदांनी १९१७ च्या सुमारास केएस पोलाद बनवलं, त्या वेळचं सर्वांत ताकदवान कायम चुंबकाचं पोलाद.

आणि भौतिकशास्त्रज्ञ युकावा हिदेकी! त्यांना बुंका कुन्शो मिळाला १९४३ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी. नोबेल १९४९ चं. म्हणजे स्टॉकहोमच्या सहा वर्षं आधी घरच्यांनी त्यांना ओळखलं होतं. अलीकडे क्रम अनेकदा उलटा होतो. नोबेल जाहीर होतं आणि मग त्याच शरद ऋतूत घाईघाईनं बुंका कुन्शोच्या यादीत नाव येतं. मला युकावांचा क्रम जास्त आवडतो. देशाला आपला माणूस कळायला परक्याचा शिक्का लागू नये.

---

जुनी_वही

लेख उत्तम, पण एका मुद्द्यावर अडतो आहे.

१९३७ मध्ये सम्राटाच्या नावानं कलावंताच्या गळ्यात सोनं घालणं ही निरागस गोष्ट नव्हती. सरकारला कलावंत आपल्या बाजूला हवे होते. पहिल्या यादीतल्या योकोयामा ताइकान यांचंच पाहा. १९४० मध्ये साम्राज्याच्या २६०० व्या वर्षानिमित्त त्यांनी समुद्र आणि पर्वत या विषयांवर वीस चित्रं काढून विकली. आलेले ५ लाख येन लष्कराला आणि नौदलाला दिले आणि त्यातून चार लढाऊ विमानं उभी राहिली. सदाहरित फूल गळ्यात होतंच की.

आणि ज्या सम्राटानं म्हणे साकुरा नको म्हटलं, त्याच्याच नावानं पुढची आठ वर्षं तरुण मुलं मेली. फुलाच्या निवडीवरून त्याला शांततेचा कैवारी ठरवू नये.

---

कंदीलपुष्प

जुनी_वही, ताइकान यांचं तुम्ही सांगितलंत ते खरंच आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. सम्राटाला मी शांततेचा कैवारी म्हणत नाही.

माझं म्हणणं चिन्हाबद्दल आहे. चिन्ह एकदा घडलं की देणाऱ्याच्या हेतूपलीकडे त्याचं आयुष्य सुरू होतं. युद्ध संपल्यावर काय झालं ते पाहा. मे १९४६ मध्ये मंत्रिमंडळानं जिवंत जपानी माणसांना सन्मान देणंच थांबवलं. १८९० पासून चालत आलेला, खास लष्करी पराक्रमाचा सोनेरी घारीचा सन्मान तर १९४७ मध्ये कायमचा रद्द झाला. उगवता सूर्य, पवित्र रत्न, सगळे थबकले. नियमित सन्मान पुन्हा सुरू व्हायला १९६४ उजाडलं. त्या सगळ्या वर्षांत जिवंत जपान्यांना नियमित देणं चालू राहिलेला सन्मान एकच : बुंका कुन्शो. त्यावर साकुरा असता, तर १९४६ मध्ये तो इतक्या सहज चालू ठेवता आला असता का? मला नाही वाटत. ताचिबानाला हात लावायची कुणाला गरज वाटली नाही.

१९४८ पासून ३ नोव्हेंबर हा संस्कृती दिन झाला आणि वितरण त्या दिवशी होऊ लागलं. ही मूळची सम्राट मेइजींची जन्मतिथी. १९४६ मध्ये नवी राज्यघटना याच तारखेला जाहीर झाली होती. आणि त्या १९४८ सालीच हा सन्मान पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला, चित्रकार उएमुरा शोएन यांना.

---

जुनी_वही

१९४६ चा मुद्दा मान्य. तो मला ठाऊक नव्हता आणि त्यानं माझं चित्र बरंच बदललं. तरी ताइकानची चार विमानं मी विसरणार नाही.

---

मिन्याचं_काम

आमचं घराणं दागिन्यांचं, म्हणून चिन्ह कसं घडतं यावर लिहितो.

ही चिन्हं आता ओसाकाच्या टांकसाळीत होतात. आधी धातूच्या पत्र्यावर ठशानं दाबून आकार उठवतात. मग नको असलेला भाग बारीक करवतीनं कापून नक्षी मोकळी करतात. नंतर मिना. रंगीत काचेची पूड पाण्यात कालवून हातानं, खड्ड्याखड्ड्यात भरायची, वाळवायची आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत घालायची. काच वितळते, बसते, पातळी खाली जाते. मग पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. शेवटी घासून, झिलई देऊन सुटे भाग जोडायचे.

पांढरा मिना सगळ्यांत कठीण असतो, हे या कामातला कुणीही सांगेल. निळ्याहिरव्यात एखादा कण खपून जातो. पांढऱ्यात धुळीचा ठिपका किंवा भट्टीचा किंचित जास्त ताव लगेच डोळ्यांत येतो, आणि मग तो तुकडा गेलाच. इथे तर पाच मोठ्या पाकळ्या पांढऱ्या, त्यांच्या डोक्यावर हिरवी पानं. प्रत्येक रंगाची काच वेगवेगळ्या तावाला वितळते, त्यामुळे कोणता रंग आधी भाजायचा ते ठरवावं लागतं. यंत्रानं ठसा उठेल, पण मिना भरणारा हात माणसाचाच लागतो. ज्यानं ते फूल भरलं त्याचं नाव चिन्हावर कुठे नसतं. कलेच्या सन्मानाबद्दल बोलताना त्या कारागिराची आठवण राहावी असं वाटतं.

---

ठाणेकरीण

मिन्याचं_काम दादा, दंडवत घ्या. असे प्रतिसाद आले की इथे यावंसं वाटतं.

---

कलम_अठरा

कायद्याच्या अंगानं थोडं. जपानच्या घटनेतलं कलम १४ म्हणतं की कोणत्याही सन्मानासोबत विशेषाधिकार येणार नाही आणि सन्मान त्या माणसाच्या हयातीपुरताच. म्हणून बुंका कुन्शोसोबत पैसे देता येत नाहीत. पण म्हातारा कवी आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेला संशोधक यांना आधार तर हवा. १९५१ मध्ये त्यावर तोडगा निघाला. 'बुंका कोरोशा' म्हणजे सांस्कृतिक क्षेत्रातले गुणवंत अशी वेगळी नामावली काढली, तिला कायद्यानं निवृत्तिवेतन जोडलं. ते सध्या वर्षाला ३५ लाख येन आहे. बुंका कुन्शोचे मानकरी सहसा याच नामावलीतून निवडतात. म्हणजे पैसे एका दारानं, फूल दुसऱ्या दारानं.

आपल्याकडे कलम १८ मध्ये किताबांना बंदी आहे. १९७७ ते १९८० या काळात जनता सरकारनं भारतरत्न आणि पद्म पुरस्कार थांबवलेही होते. मग १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की हे पुरस्कार किताब नव्हेत, मात्र नावाच्या आधी किंवा नंतर ते लावता येणार नाहीत. दोन्ही देशांनी एकच प्रश्न सोडवला आहे : गुणांचा मान करायचा, पण त्यातून नवे सरदार तयार होऊ द्यायचे नाहीत. आपण तो निर्णय पाळतो का? पत्रिकांवर, कमानींवर नावामागे 'पद्मश्री' सर्रास छापलेलं असतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

भारतरत्नाच्या चिन्हाचंही सांगण्यासारखं आहे. १९५४ च्या पहिल्या नियमात ते गोल सोन्याचं पदक होतं. वर्षभरातच ते बदलून पिंपळाचं पान आलं. म्हणजे गोल पदकाऐवजी झाडाकडे वळण्याचा विचार आपल्याकडेही झालेला आहे.

---

पारिजात_७

ज्यांनी हा सन्मान नाकारला त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

लेखक केंझाबुरो ओए. १९९४ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि लगोलग सरकारनं बुंका कुन्शो देऊ केला. ओएंनी नाही म्हटलं. लोकशाहीहून वरची कोणतीही सत्ता किंवा मूल्य मी मानत नाही, ही त्यांची भूमिका. हा सन्मान सम्राटाशी जोडलेला म्हणून तो नको. त्यांच्यावर खूप टीका झाली, उजव्या गटांनी त्रास दिला, ते हलले नाहीत.

पुढच्याच वर्षी अभिनेत्री सुगिमुरा हारुको. तेव्हा त्या जवळपास नव्वदीच्या होत्या. त्यांचं म्हणणं राजकीय नव्हतं. सन्मान पाठीवर घेऊन मला रंगमंचावर जायचं नाही, मला अजून फक्त काम करायचं आहे, असं.

चित्रकार कुमागाई मोरिकाझु यांनी म्हटलं की याहून जास्त माणसं घरी यायला लागली तर पंचाईत होईल. हे गृहस्थ म्हातारपणी टोकियोतल्या आपल्या घराच्या बागेबाहेर जवळजवळ पडतच नसत, मुंग्या, मांजरं आणि पानं बघत चित्रं काढत. आणि क्योतोचे कुंभार कावाई कांजिरो. त्यांनी हा सन्मानही घेतला नाही आणि 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' होणंही नाकारलं.

चौघांची कारणं चार. मला यात सन्मानाची अप्रतिष्ठा दिसत नाही. जो नाकारता येतो, तोच सन्मान. सरकारनं विचारलं, माणसानं नम्रपणे नको म्हटलं, आणि त्याच्या चित्रांची किंमत तिळभरही कमी झाली नाही, ही निरोगी समाजाची खूण वाटते.

---

भौतिकवेडा

पारिजात, सुगिमुरांचं वाचून थांबलो क्षणभर. मला माहीत नव्हतं. पण नोबेल घ्यायचं आणि घरचा सन्मान नाकारायचा, हे ओएंचं मला पूर्ण पटत नाही.

---

पारिजात_७

नोबेल एका प्रतिष्ठानाकडून येतं, त्यामागे आपल्या देशाची सत्ता नसते. ओए शिकोकूच्या खेड्यात वाढले. युद्ध संपलं तेव्हा दहा वर्षांचे होते. सम्राट देव आहे असं शाळेत शिकलेल्या मुलानं एका दुपारी रेडिओवर त्याचा माणसाचा आवाज ऐकला. ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा त्या दिवसाबद्दल लिहीत राहिले. त्यांचा नकार मी त्या मुलाचा नकार म्हणून वाचते.

---

कावासाकीकर

इथे राहून पाहिलेलं सांगतो. ताचिबाना जपानी घरांत दरवर्षी ३ मार्चला येतं, मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला. पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यात दोन छोटी झाडं असतात. समोरून पाहताना उजवीकडे साकुरा, डावीकडे ताचिबाना. हे क्योतोच्या राजवाड्यावरून आलं आहे. तिथल्या शिशिंदेन या मुख्य दालनासमोर हीच दोन झाडं याच क्रमानं उभी आहेत. माझ्या मुलीच्या बाहुल्यांतली ती झाडं दरवर्षी मीच लावतो, पण ही दोन झाडं एका सन्मानाच्या निवडीत समोरासमोर आली होती हे आज कळलं. ५०० येनच्या नाण्याच्या मागच्या बाजूलाही ताचिबाना आहे, बांबूसोबत.

वितरणाचे फोटो ३ नोव्हेंबरला इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांत असतात. राजवाड्यातल्या मात्सु-नो-मा या दालनात सम्राट स्वतः चिन्ह हाती देतात. ही पद्धत १९९७ पासूनची, आधी पंतप्रधान देत. काही मंडळी किमोनोत, काही कोटात. वय बहुतेकांचं ऐंशीच्या आसपास. नावं ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीर होतात.

अलीकडे यादी रुंदावली आहे. २०२१ मध्ये पहिल्यांदा एका बेसबॉलपटूला मिळाला, नागाशिमा शिगेओ यांना. आजारपणानंतर शरीराची एक बाजू अधू झालेले नागाशिमा चाकाच्या खुर्चीतून आले होते. २०२४ मध्ये पहिल्यांदा एका मांगाकाराला, म्हणजे जपानी चित्रकथा काढणाऱ्याला, चिबा तेत्सुया यांना. मांगा जगभर पोचून कित्येक वर्षं झाली, एवढा उशीर व्हायला नको होता. पण अखेर झालं याचा इथे सगळ्यांना आनंद होता.

---

ठाणेकरीण

परदेशी माणसांना मिळतो का हा?

---

कावासाकीकर

क्वचित. पहिले परदेशी मानकरी ऐकून नवल वाटेल : नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकल कॉलिन्स, १९६९ मध्ये. चांद्रवीर तेव्हा जगभर दौऱ्यावर होते. २००८ मध्ये डोनाल्ड कीन यांना मिळाला. जपानी साहित्य इंग्रजी जगापर्यंत नेण्यात त्यांनी आयुष्य घातलं. तेव्हा ते अमेरिकन नागरिक होते. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर परदेशी लोक जपान सोडून जात असताना कीन नव्वदीला टेकलेले, आणि त्यांनी ठरवलं की मी इथेच कायमचा राहणार. २०१२ मध्ये ते जपानी नागरिक झाले. मला या यादीतलं सर्वांत जवळचं नाव त्यांचंच वाटतं.

जपानमध्ये जन्मून अमेरिकन नागरिक झालेल्या शास्त्रज्ञांनाही मिळाला आहे : नांबू योइचिरो यांना १९७८ मध्ये, मानाबे स्युकुरो यांना २०२१ मध्ये. नांबूंचं नोबेल २००८ चं. भौतिकवेडा, तुमच्या युकावांच्या रांगेत हेही घ्या, इथे तर देशानं तीस वर्षं आधी ओळखलं.

---

भौतिकवेडा

घेतलं! नांबूंची तारीख माझ्या लक्षातच नव्हती.

---

ओसाकातला_सदाशिव

उशिरा आलो. ताजिमामोरीबद्दल भर घालतो. नारा शहराजवळ आमागात्सुजी स्टेशनपासून चालत थोड्या अंतरावर सम्राट सुइनिनची म्हणून मानली जाणारी समाधी आहे. कुलपाच्या भोकाच्या आकाराची मोठी टेकडी, भोवती पाण्याचा खंदक. त्या खंदकात एक अगदी छोटं बेट आहे, तेच ताजिमामोरीचं थडगं असं सांगतात. धन्याच्या समाधीसमोर, पाण्यात. लोहमार्गावरून जातानाही टेकडी दिसते. ह्योगोतल्या तोयोओकाला त्याचं देऊळ आहे आणि तिथे तो मिठाईचा देव म्हणून पुजला जातो, कारण जुन्या काळी फळ हीच मिठाई. मिठाईवाले तिथे दर्शनाला येतात.

मिन्याचं_काम यांनी टांकसाळीचा उल्लेख केला. तिथे संग्रहालय आहे, सन्मानचिन्हं काचेआड जवळून पाहता येतात. तेन्माबाशी स्टेशनवरून ओकावा नदी ओलांडली की आलंच, चालत पंधरा मिनिटं. प्रवेश मोफत.

---

मिन्याचं_काम

सदाशिवराव, पुढच्या एप्रिलमध्ये ओसाकाला येणं होतं आहे. तेव्हा जाता येईल का? चिन्हाची पांढरी पाकळी भिंगातून पाहायची फार इच्छा आहे.

---

ओसाकातला_सदाशिव

या की. फक्त तारखा जपून ठरवा. याच टांकसाळीच्या आवारात साकुराची प्रसिद्ध वाट आहे, नदीकाठानं ५६० मीटर, तीनशेहून जास्त झाडं. १८८३ पासून ती दर एप्रिलमध्ये बहराच्या आठवड्यात लोकांसाठी उघडतात आणि तेव्हा लाखो माणसं लोटतात. त्या आठवड्यात संग्रहालय बंद असतं. तारखा बहरावर ठरतात, मार्चमध्ये जाहीर होतात. म्हणून तिकीट काढण्याआधी मला इथेच निरोप टाका, मी चौकशी करून सांगतो. भिंग मात्र सोबत आणा, तिथे मिळणार नाही.